स्वीडनचा सूर, सिल्लोडची वीज

इंग्वी माल्मस्टीन हा स्टॉकहोमचा गिटारवाला. 1984 साली त्याचा ‘रायझिंग फोर्स’ हा अल्बम आला आणि पॅगानिनीनं व्हायोलिनवर केलेली पळापळ विजेच्या गिटारवर, धडधडत्या मेटलच्या संगतीनं सुरू झाली. तो आवाज सिल्लोडात काढायचा, असं मी मनावर घेतलं. इथं मका, कापूस, मिरची मुबलक. मार्शलचे ॲम्प मात्र बाजार समितीत उतरत नाहीत.

सुरुवात गिटारच्या मानेपासून. माल्मस्टीनच्या स्ट्रॅटोकास्टरवर पडद्यांमधलं लाकूड कोरून खोलगट केलेलं असतं. बोट लाकडाला टेकत नाही, त्यामुळे तार सतारीसारखी मनसोक्त ओढता येते. सुतारमामांनी गोल कानस हातात घेतली, गिटार उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाले, “चांगल्या लाकडाला खड्डे कशाला पाडता? रस्त्याला कमी आहेत का?”

मग घरघर. साध्या सिंगल कॉइल पिकअपला आजूबाजूच्या विजेची बाधा होते. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणजे खर्जातल्या ‘जी’च्या किंचित वर. शेजारच्या काकूंचं मिरची कांडप सुरू झालं की हा फुकटचा तानपुरा आणखी भरतो. माल्मस्टीन घरघर मारणारे पिकअप वापरतो. मी काकूंचं तिखट संपायची वाट बघतो.

सूर तरी कुठं परके? हार्मोनिक मायनर म्हणजे आपली किरवाणी: गंधार-धैवत कोमल, निषाद शुद्ध. तिच्याच पंचमाला सा मानलं की बसंत मुखारी. अण्णांनी दारातूनच ओळखलं. “किरवाणी ना ही? मग मागं कुत्रं लागल्यासारखी का पळतेय?”

खरी गोम आवाज फाटण्यात आहे. माल्मस्टीनच्या डीओडी 250 पेडलवर गेन कमी आणि लेव्हल भरपूर. पेडलनं फक्त ढकलायचं, फाटायचं काम मार्शलच्या व्हॉल्व्हनं करायचं. माझ्या टीचभर ॲम्पमध्ये व्हॉल्व्हच नाहीत, ढकलायचं कुणाला?

उत्तर वरातीत सापडलं. बँजो पार्टी ज्याला बँजो म्हणते तो बुलबुल तरंग. त्याचा पूर्वज 1912 साली जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी घडवला. इथं त्याला पिकअप लावून भोंग्यांत सोडलेला. आवाज असा खणखणीत फाटत होता की माझे डोळे भरून आले. थोडे डिझेलच्या धुरानंही. वाजवणाऱ्या दादांना विचारलं, सेटिंग काय?

“सेटिंग कसलं? इकडून ढकलायचं, बाकी भोंगा बघतो.”

स्टॉकहोमची सगळी विद्या एका वाक्यात! भारावून मी मोबाइलवर माल्मस्टीन लावला. दादांनी पूर्ण ऐकला, मान डोलावली.

“हात लई साफ आहे. पण एवढं पळवल्यावर पोरांनी नाचायचं कशावर?”

विलायती समीक्षक हाच आक्षेप वर्षानुवर्षं पानंच्या पानं भरून घेत आलेत. दादांनी तो नवरदेवाची घोडी वळेपर्यंत उरकला आणि मला ऑक्टापॅडच्या मागं उभं राहायला सांगितलं.