दाद मागण्याची सोय

सिंदफणेकाठच्या शिरूर कासारात राहून छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाची पदवी घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याची फिर्याद ऐकण्यासाठी केवढी उदार तजवीज झाली आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०२३ चे विनियम वाचल्याविना ध्यानी येणार नाही. प्राध्यापकाच्या अध्यक्षतेखाली निवारण समिती, तीत चार ज्येष्ठ अध्यापक, आणि ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप त्या विद्यार्थिवर्गाचा एक प्रतिनिधी. मात्र तो सदस्य नव्हे, ‘विशेष निमंत्रित’, म्हणजे नवरदेवास अक्षता टाकण्यापुरते बोलावणे! समितीने कामकाजाच्या १५ दिवसांत अहवाल द्यावा, समाधान न झाल्यास पुढील १५ दिवसांत लोकपालाकडे अपील करावे, आणि त्या निवृत्त कुलगुरूने, निवृत्त प्राध्यापकाने वा माजी जिल्हा न्यायाधीशाने ३० दिवसांत निकाल लावावा, असा हिशेब कागदावर निर्दोष आहे. परंतु आईबाप उसाच्या फडावर गेले असता मागे राहून परीक्षेस बसलेल्या, आणि तरीही गुणपत्रिकेवर ‘अनुपस्थित’ ठरलेल्या एखाद्या मुलाचा अर्ज लिपिकाने ‘हा विद्यापीठाचा विषय’ म्हणून परतवावा, विद्यापीठातील मेजाने ‘प्राचार्यांमार्फत आणा’ म्हणावे, आणि अखेरीस त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का उमटावा, तोवरचा काळ कोणत्याही मुदतीत धरलेला नाही. कारण शिक्क्यावाचून तक्रार दफ्तरी जन्मासच येत नाही. तक्रार खोटी वा क्षुल्लक ठरल्यास तक्रारदारावरच कारवाईची शिफारस करता येते, एवढी एक तरतूद मात्र खिडकीआडच्या कनिष्ठ लिपिकासही मुखोद्गत असते.