पॅचची पुढची आवृत्ती: रिव्ह्यूअरला ताकास तूर लागू न देण्याची पद्धत

लिनक्स कर्नलला पॅच पाठवणं सोपं आहे. खरी विद्या लागते ती तोच पॅच दुसऱ्यांदा पाठवताना. पहिल्या खेपेला रिव्ह्यूअरने अकरा शेरे मारले. तुम्ही त्यांतले आठ मानले, दोन विसरलात आणि एकाशी मनातल्या मनात भांडलात. आता व्ही २ निघणार. या खेपेला नेमकं काय बदललं हे त्या माणसाला कळलं, तर तो दहा मिनिटांत वाचून मोकळा होईल. तसं होऊ द्यायचं नाही.

सुरुवात सब्जेक्टपासून. गिटच्या फॉरमॅट-पॅचला '-व्ही २' एवढं सांगितलं की चौकटी कंसात 'पॅच व्ही २' आपोआप छापून येतं. म्हणूनच ते सांगू नये. इनबॉक्समध्ये एकाच नावाचे दोन पॅच जुळ्या भावांसारखे शेजारी बसले पाहिजेत. आणखी मुरलेल्यांनी 'रीसेंड' असं लिहावं. कर्नलच्या रिवाजात हा शब्द कानामात्रेचाही फरक न करता तोच पॅच पुन्हा धाडताना वापरतात. तुम्ही अर्धा पॅच नव्याने लिहून वर 'रीसेंड' लावलंत, तर रिव्ह्यूअर समजेल की हे आपलं वाचून झालंय. दुधात साखर.

आता मुख्य पदार्थ, म्हणजे बदलांची यादी. इथे एकच वाक्य पाठ करा: 'रिव्ह्यूतील सूचनांनुसार योग्य ते बदल केले.' सोसायटीच्या वार्षिक सभेत 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे' हा विषय चहा येण्याआधीच उरकतो ना, त्या तोडीचं हे वाक्य आहे. त्यात खोटं काही नाही आणि खरंही काही सापडत नाही. कोणाची सूचना, कोणत्या पॅचमध्ये, काय केलं, हे विचारायचं तर रिव्ह्यूअरला आधी स्वतःचेच जुने शेरे शोधावे लागतात. त्याच्याकडे वाचायला आणखी कोणाकोणाच्या सिरीज पडलेल्या असतात, तेव्हा तो सहसा शोधत नाही.

याउलट काही भोळे लोक असं लिहितात:

'व्ही २: बफर मिळाला नाही तर -ईनोमेम परत करण्याआधी आता लॉक सोडतो. लूपची अट <= होती, ती < केली. पॅच ४ चे दोन तुकडे केले. फंक्शनचं नाव बदललेलं नाही, कारण ड्रायव्हरमधल्या बाकीच्या फंक्शनांची नावं याच धाटणीची आहेत.'

चार ओळींत सगळं रहस्य फुटलं! त्यातही शेवटची ओळ सर्वांत घातक. जे बदललं नाही ते का बदललं नाही, हे सांगून टाकलं की पुढचा रिव्ह्यूअर तोच प्रश्न पुन्हा विचारत नाही, आणि व्ही ३ मध्ये तीच चर्चा नव्याने करण्याचा आनंद जातो. कर्नलच्या मार्गदर्शिकेत तर स्पष्टच लिहिलंय की ज्या शेऱ्यामुळे कोड बदलला नाही, त्याचीही नोंद कुठेतरी व्हावी. मार्गदर्शिका वाचू नये, ती या कारणासाठी.

यादीची जागाही चुकवता येते. कमिट मेसेज संपला की तीन डॅशची एक रेघ येते. तिच्या खाली लिहिलेलं रिव्ह्यूअरला दिसतं, पण पॅच गिटमध्ये घेताना गळून पडतं. आवृत्त्यांचा हिशेब तिथेच ठेवतात. तुम्ही तो रेघेच्या वर ठेवा, म्हणजे 'व्ही ३: एक मोकळी जागा काढली' हे वाक्य कर्नलच्या इतिहासात कायमचं कोरलं जाईल. (ग्राफिक्सवाल्या डीआरएम मंडळींकडे हा हिशेब कमिट मेसेजमध्येही चालत आलाय. त्यामुळे ज्या भागात पॅच धाडताय तिथला जुना लॉग आधी चाळू नका, नाहीतर चुकून बरोबर लिहाल.)

एक वैरी मात्र आहे: रेंज-डिफ. २०१८ साली गिट २.१९ मध्ये तो आला आणि तेव्हापासून दोन आवृत्त्यांमधला फरक पॅचगणिक उघडा पडायला लागला. कव्हर लेटरखाली तो जोडणारेही निघाले आहेत. त्याला निष्प्रभ करायचं तर सिरीज नव्या बेसवर आणताना त्याच दमात व्हेरिएबलांची नावं बदला, पॅचेसचा क्रम फिरवा आणि बेस कोणता ते सांगू नका. खरा बदल त्या गर्दीत भाविकासारखा हरवून जाईल.

'रिव्ह्यूड-बाय'च्या ओळी तशाच राहू द्या. पॅच मुळापासून बदलला तर त्या काढून, का काढल्या ते लिहावं असा दंडक आहे. पण कोणी एकदा दिलेला आशीर्वाद परत करतं का?

आणि थांबू नका. किमान आठवडाभर वाट पाहावी म्हणतात. तुम्ही व्ही ३ दुपारी धाडा आणि व्ही ४ संध्याकाळी. व्ही ३ अर्धा वाचून झालेल्या माणसाचं तोंड पाहायला मिळत नाही, एवढीच उणीव.

ही पद्धत मी स्वतः वापरली आहे. एका ड्रायव्हरच्या सिरीजमध्ये दोन लॉक घेण्याचा क्रम मी उलटा केला आणि 'किरकोळ सुधारणा' असं लिहिलं. पाच आवृत्त्या झाल्या, पॅच घेतला गेला, सगळे सुखात. मग काही आठवड्यांनी कोणाच्या तरी मशीनवर लॉकडेपने बोंब ठोकली आणि मेंटेनरचं एका ओळीचं पत्र आलं: हा क्रम कोणत्या आवृत्तीत बदलला, आणि का?

मी माझ्याच पाच पत्रांची थप्पी काढली. पहिल्यात यादी नव्हती. दुसऱ्यात 'सूचनांनुसार बदल'. तिसऱ्यात 'किरकोळ सुधारणा'. चौथ्यातही तेच, कारण ती ओळ मी तिसऱ्यातून उचलली होती. पाचव्यात 'रीसेंड'. रेंज-डिफ चालवला, तर मीच बदललेली व्हेरिएबलांची नावं स्क्रीनभर. रात्री साडेअकराला उत्तर लिहिलं: 'बहुधा व्ही ३. कारण तपासून कळवतो.'