अधिक-उणे गुरुजी

निलंग्यात कुणी छातीठोकपणे काही सांगू लागलं की गुरुजी विचारतात, "अधिक-उणे किती?" स्टँडवर लातूरच्या गाडीची वेळ विचारा. "साडेआठ, अधिक-उणे वीस मिनिटं. तेही तीनातनं दोनदाच." नीळकंठेश्वराचं देऊळ पाच हजार वर्षांचं, असं निलंगा राईस खाता खाता कुणी बोलून गेला, तर त्याचा घास तोंडातच राहतो. "दगडाला कार्बनचं वय लागत नसतं! कोळसा आण. तुळई नको, तिचा गाभा झाड तोडण्याच्या शंभर वर्षं आधीचाही असंल. जळका दाणा आण, दाणा!"

हे वेड लागलं 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर. संशोधकांनी तेर गावी तेरणा नदीच्या काठात जुन्या भूकंपाच्या खुणा शोधल्या, कार्बनवरून त्यांचा काळ काढला, आणि इकडे गुरुजींचं घर हललं.

जन्म 1950 चा. कार्बनवाल्यांचं 'आज' त्याच साली थांबलेलं असतं. मागची सगळी वर्षं तिथूनच मोजतात. त्यामुळे वय विचारलं की गुरुजी सांगतात, "शून्य." पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यावर मात्र वय सुनेनं लिहायचं.

पण खरे गुरुजी पाहायचे ते मोंढ्यात, सोयाबीनच्या मापाला. कार्बन-14 वरून वय काढताना त्याचे दहा हजार ठोके मोजले की चूक एक टक्का, म्हणजे सुमारे 80 वर्षं. ती 40 वर आणायची तर ठोके चाळीस हजार हवेत. चूक निम्मी, मेहनत चौपट. हा नियम त्यांनी पोत्याला लावला. एकच पोतं चारदा काट्यावर चढवलं, समाधान होईना, म्हणून सोळादा. आकडे पावतीच्या पाठीवर मांडले, सरासरी काढली. मागं ट्रॅक्टरांची रांग. अडत्या कपाळाला हात लावून बसलेला.

"अधिक-उणे पन्नास ग्रॅम!" गुरुजींनी जाहीर केलं.

हमाल विडी विझवत म्हणाला, "ओ गुर्जी, पोतं भिताडाला टेकलंय की वो."

टेकलेलंच होतं. सोळाही वेळा.

दुसरा कुणी वरमला असता. गुरुजींचा चेहरा उजळला. "बघा! आकडे एकमेकांना चिकटून, आणि सगळेच खोटे! उगंच का कार्बनची तारीख झाडाच्या कड्यांशी ताडून बघतात?" हमालाची पाठ थोपटून त्यांनी पोतं भिंतीपासून वीतभर सरकवायला लावलं, पावती उलटी केली आणि कोऱ्या जागेत लिहिलं : माप पहिलं.

अडत्यानं सगळ्यांसाठी चहा सांगितला.