शेठ मॉलमध्ये जातात

पुण्यात लक्ष्मी रोडच्या आसपास तीन पिढ्यांचं साड्यांचं दुकान असलेला आणि ‘रस्त्यावर गाडी लावायला जागा नाही, गिऱ्हाईक येणार कसं’ असं रोज किमान दोनदा म्हणणारा गृहस्थ एक दिवस मॉलमध्ये गाळा घ्यायचं ठरवतो. त्याला शेठ म्हणू. नोकर म्हणतात, दलाल म्हणतो, आणि मॉलचा लीजिंग मॅनेजर ‘शेठसर’ म्हणतो.

घासाघीस शेठना कुणी शिकवायची गरज नाही. सुरतेचा व्यापारी त्यांचं नाव काढलं की आधी पाणी मागतो. भाड्याच्या बाबतीत तर घराणंच बलाढ्य. आजोबांनी पागडी मोजून घेतलेल्या दुकानाचं भाडं आजही कुणाला सांगितलं तर समोरच्याला ते वीजबिल वाटतं. भाडे नियंत्रण कायद्यानं मालकाला ते वर्षाला 4 टक्के वाढवता येतं. मालक दरवर्षी वाढवतो आणि दरवर्षी रडतो. वडील तर भाडं मनीऑर्डरनं धाडायचे आणि मालकानं परत पाठवलेल्या पावत्या फायलीत लावून ठेवायचे, पुढेमागे कोर्टात लागतील म्हणून. अशा घरातला माणूस करारावर फसेल असं कुणाला वाटेल?

मॉलच्या वातानुकूलित ऑफिसात मॅनेजर आकडा सांगतो: चौरस फुटाला 200. शेठ हसतात. उठतात. दारापर्यंत जातात. परत येतात. चहा होतो. पुन्हा उठतात. तिसऱ्या बैठकीत दर 185 वर येतो आणि शेठ गाडीत बसल्याबसल्या घरी फोन लावतात. 400 फुटांचा गाळा, फुटामागे 15 रुपये तोडले, म्हणजे महिन्याला 6 हजार वाचले!

आता हिशेब बघा. 400 फूट हा ‘चार्जेबल’ आकडा. त्यात जिना, लिफ्ट, कॉरिडॉर, कारंज्याभोवतीची फरशी, सगळ्यातला वाटा धरलेला असतो. साड्यांचं कपाट उभं करता येईल अशी कार्पेट जागा भरते 240 फूट. शिवाय कॅम, म्हणजे एसी, सफाई, सुरक्षारक्षक आणि दिवाळीच्या कंदिलांचा सामायिक खर्च, फुटाला 40 रुपये. तोही 400 फुटांवर, आणि त्यावर घासाघीस झालेली नाही, कारण तो दहाव्या पानावर होता. 74 हजार भाडं, 16 हजार कॅम, एकूण 90 हजार. ज्या फुटावर शेठ खरोखर उभे राहतात, तो त्यांना 375 रुपयांना पडतो. वर 18 टक्के जीएसटी, म्हणजे आणखी 16,200. नियमित नोंदणी असती तर त्याची वजावट मिळाली असती, पण शेठ काटकसर म्हणून कंपोझिशन योजनेत. तिथे वजावट नसते.

शेठ खोटे नाहीत आणि भोळेही नाहीत. जो आकडा समोर दिसतो त्याच्याशी ते लढतात, एवढंच. मॉलवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं, म्हणून तो आकडा ते मुद्दाम थोडा फुगवून समोर ठेवतात. पाडायला काहीतरी हवं ना.

कराराचं नाव लीव्ह अँड लायसन्स. शेठ मात्र सगळीकडे ‘माझा गाळा’ म्हणत फिरतात. लायसन्समध्ये जागेवर हक्क काही येत नाही, वापरायची परवानगी तेवढी मिळते. खुद्द सर्वोच्च न्यायालयाला 1959 साली दिल्लीच्या इंपीरियल हॉटेलातल्या एका केशकर्तनालयावरून हा खल करावा लागला: कागदाला नाव काय दिलंय यापेक्षा दोघांच्या मनात काय होतं आणि जागेचा ताबा कुणाकडे, हे बघायचं. मॉलचे वकील तो निकाल वाचून बसलेले असतात. त्यामुळे गाळ्याची एक चावी मॉलकडे राहील, हे कलम असतंच. शेठना ते सोयीचं वाटतं. ‘चावी हरवली तर बरं!’

करार नोंदवायला मात्र शेठ टाळाटाळ करतात, खर्च नको म्हणून. वास्तविक मुद्रांक शुल्क एकूण रकमेच्या पाव टक्का, आणि नोंदणी करून घ्यायची जबाबदारी कायद्यानं मालकावर. न केल्यास अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं आधी ग्राह्य धरलं जातं आणि मालकाला तुरुंगही होऊ शकतो. साहजिकच मॉलचा माणूस स्वतः गाडी करून शेठना नोंदणीला घेऊन जातो. शेठ म्हणतात, ‘माणसं फार अगत्यशील!’

मग व्यवसाय सुरू होतो. ‘किमान हमी किंवा विक्रीचा ठरावीक टक्का, जे जास्त असेल ते’ हे कलम शेठनी वाचलं होतं आणि त्यात ‘कमी’ असं त्यांना दिसलं होतं. आता बिलिंगच्या यंत्राला मॉलची वायर जोडलेली आहे. ज्या माणसानं दिवसाचा गल्ला तीस वर्षांत बायकोला सांगितला नाही, त्याचा आकडा रोज रात्री मॉलच्या संगणकावर जातो. दुपारी एक ते चार शटर ओढायची सोय नाही. राज्यातल्या 2017 च्या दुकानं कायद्यानं वर्षाचे 365 दिवस दुकान उघडं ठेवायची मुभा दिली. करारानं त्या मुभेची सक्ती केली. आणखी एक कलम: तीन किलोमीटरच्या परिसरात याच नावाचं दुसरं दुकान चालवायचं नाही. आजोबांचं दुकान भरतं अडीच किलोमीटरवर. मॅनेजरनं तोंडी ‘ते चालतं सर’ सांगितलं आहे आणि मग तो मॅनेजर बदलून गेला आहे.

गर्दीचं काय? 1999 मध्ये मुंबईत क्रॉसरोड्स मॉल उघडला तेव्हा आत जायला मोबाइल किंवा क्रेडिट कार्ड दाखवावं लागे, नाहीतर 60 रुपये मोजायचे. आता दारातलं यंत्र येईल त्याला मोजतं. एसी खायला आलेले आजोबा, तिन्ही मजल्यांवर पळणारी पोरं, सगळे ‘फुटफॉल’. तो आकडा दाखवूनच भाडं ठरलं होतं.

खरी गर्दी खेचतात ती मोठी दुकानं, आणि म्हणूनच ती फुटामागे शेठपेक्षा कितीतरी कमी देतात. असलं मोठं दुकान उठून गेलं तर आपलं भाडं कमी व्हावं, असं कलम मागता येतं. शेठनी ते मागितलं नाही. बिग बझार कुठे जातंय, असं त्यांना वाटलं. ऑगस्ट 2020 मध्ये बिग बझारच्या मालक फ्यूचर समूहानं किरकोळ व्यवसाय रिलायन्सला विकायचं जाहीर केलं. फ्यूचरशी आधीच करार केलेल्या अ‍ॅमेझॉननं लवाद गाठला, सर्वोच्च न्यायालय गाठलं आणि व्यवहार अडवून धरला. तोवर फ्यूचरचं भाडं थकलं, रिलायन्सनं शेकडो दुकानांचे जागेचे करार स्वतःच्या नावावर घेतले आणि फेब्रुवारी 2022 मध्ये त्या जागांचा ताबा घ्यायला सुरुवात केली. विक्रीचा करार कोर्टात अडकला, भाड्याचे करार कामाला आले. देशातल्या बड्या वकिलांची फौज उभी असताना बाजी जागेच्या कागदानं मारली. शेठनी ही बातमी चवीनं वाचली, चार जणांना सांगितली. स्वतःचा करार तेव्हाही कपाटातच होता.

त्याआधी कोविडमध्ये तेवढा तो एकदा बाहेर निघाला होता. दिल्लीत खान मार्केटच्या एका दुकानदारानं भाडं स्थगित करून मागितलं, तर उच्च न्यायालयानं नकार दिला. हप्ते पुढेमागे करून दिले, पण भाडं द्यायचंच. मुद्दा फिरून तिथेच आला: करारात काय लिहिलंय? महाराष्ट्रातले मॉल 5 ऑगस्ट 2020 ला उघडले. अनेक मॉलवाल्यांनी आपणहून सूट दिली, कारण रिकामा मॉल त्यांनाही परवडणारा नव्हता. शेठनाही मिळाली. ती आपल्या घासाघिशीचं फळ, असं ते मानतात.

यंदा नूतनीकरण आहे. नव्या मसुद्यात 15 टक्के वाढ. शेठ या वेळी सीए झालेल्या सुनेला घेऊन आले आहेत आणि खिशात मोजपट्टी आहे. सून कॅमचा तपासलेला हिशेब मागते, मॅनेजर ‘हेड ऑफिसला विचारतो’ म्हणतो. तेवढ्यात शेठ खाली बसून गाळा मोजतात. कोपऱ्यातला आरसीसीचा खांब कार्पेटमध्ये धरलाय!

‘साहेब, या खांबाचं भाडं मी इतकी वर्षं भरलंय.’

‘सर, तो स्टँडर्ड मेजरमेंटमध्ये येतो.’

‘येऊ दे की. मग त्यावर माझा बोर्ड लागेल. बाहेरच्या बाजूनं, लाइटचा.’

मॅनेजर मार्केटिंगला फोन लावतो.