वहिवाटीचा पाइप

संगणकशास्त्रातले ‘सॉकेट’ भिंतीत नसते, हे ज्ञान मला 2021 च्या उन्हाळ्यात, श्रीगोंद्याच्या शिवारातील आमच्या लिंबोणीच्या बागेत, हाती टेस्टर घेऊन उभा असताना झाले. पुण्यास संगणकाची चाकरी करणारा आणि टाळेबंदीमुळे घरी आलेला माझा पुतण्या याने विहिरीवरील मोटारीस तळहाताएवढा संगणक जोडला होता. मोबाइलवर बटन दाबले की मोटार चालू, पुन्हा दाबले की बंद. हा हुकूम सॉकेटावाटे येऊन आतल्या एका ‘पाइपा’त पडे आणि पाइपाशी कान लावून बसलेली आज्ञावली तो अमलात आणी. एके सकाळी मोटार ढिम्म हलेना. “काका, पाइपात अडकलंय,” एवढे बोलून पुतण्या स्वस्थ बसला. मी मात्र विहिरीपासून बांधापर्यंतचे सारे जोड उकलले आणि मला एक बेडूक सापडला.

खरा गुन्हेगार कर्नेल, म्हणजे संगणकाचा दिवाणजी, निघाला. कोणत्या दारी टपाल आले आहे याची चौकशी 1983 पासून ‘सिलेक्ट’ नावाचा शिपाई करीत असे. तो बहुधा 1024 दारांपलीकडे जात नसे आणि दर खेपेस प्रत्येक दार नव्याने ठोठावी. 2002 साली लिनक्स या कर्नेलाने ‘ईपोल’ हा जागेवर बसून वर्दी घेणारा कारकून नेमला. त्याची एक तऱ्हा आमच्या पाटकऱ्यासारखी आहे: कुकडी कालव्याचे आवर्तन आले की तो एकदाच हाक देतो, तेवढ्यात दारे न धरणाऱ्याचे नशीब त्याच्यापाशी. म्हणून हाकेसरशी टपालाची पेटी पुरती रिकामी करावी हा नियम. परंतु नव्या टपालागणिक दिवाणजी उदारपणे पुन्हा हाक देई, म्हणून पुष्कळ आज्ञावल्या तळाशी गाळ ठेवूनही सुखाने नांदल्या.

2020 च्या आरंभी आलेल्या 5.5 व्या कर्नेलात खुद्द लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी पाइपापुरती ही उदारता काटली: आधीच काही पडून असेल, तर हाक नाही. कायद्याने हे निर्दोष होते. पुतण्याचा कर्नेल 5.4 वरून 5.10 वर गेला. त्याची आज्ञावली एका हाकेस एकच हुकूम उचलणारी. आणि रेंजवर विश्वास नसल्याने बटन दोनदा दाबणारा मी. दोन हुकूम एकदम पोचले, एक उचलला गेला, दुसरा तळाशी राहिला. पाइप कधी रिता होईना, म्हणून हाकही कधी येईना.

अँड्रॉइडवरील काही ॲपेही अशीच झोपी गेल्याची तक्रार गुदरल्यावर टोरवाल्ड्स यांनी 2021 च्या जुलैअखेर जुनी हाक पूर्ववत केली. चूक वापरणाऱ्यांची असली तरी चालत आलेले काम कर्नेलाने मोडू नये, हा त्यांचा दंडक. आमच्याकडे यालाच वहिवाट म्हणतात, आणि बांधावरचा रस्ता कोणी अडवला तर 1906 च्या मामलेदार कोर्ट कायद्याचे कलम 5 घेऊन तहसिलीत जातात.

पुतण्याने मात्र तितकी वाट न पाहता आज्ञावली शास्त्रशुद्ध केली. आता ती पेटी दरवेळी पुरती रिकामी करते. परिणामी मी सवयीने दोनदा बटन दाबले की मोटार सुरू होऊन तत्क्षणी बंद पडते. पूर्वीची चूक मूळ जागी बसवून मिळावी, असा वहिवाटीचा अर्ज मी त्याच्याकडे रीतसर दाखल केला आहे. तारीख पडायची आहे.