हमीग्रस्त

मिनेसोटा राज्याच्या उत्तर भागात, जिथे मोटारींच्या नंबरपट्टीवरच दहा हजार तळ्यांचा उल्लेख छापलेला असतो आणि जानेवारीत ती तळी गोठून त्यांच्यावर रहदारी सुरू होते, तिथे गावोगाव निदान एक तरी असे गृहस्थ भेटतात, की ज्यांच्या गराजमध्ये एक बर्फगाडी असते, तिच्या आसनाखाली वंगणाने डागाळलेला एक फडका असतो, आणि स्वयंपाकघरातल्या मेजाच्या खणात, विवाहाच्या दाखल्याच्याही वर, त्या गाडीचे हमीपत्र असते. बर्फगाडी उडवणारे पुष्कळ, तिच्यापायी कर्जबाजारी होणारेही पुष्कळ. परंतु तिच्या हमीपत्राचा ज्यांना ध्यास लागला आहे त्यांचा वर्ग स्वतंत्र आहे, आणि मी माझ्यापुरते त्यांना हमीग्रस्त म्हणतो. शून्याखाली वीस अंश तापमानात घराबाहेर पडावे असे एकही सबळ कारण मला स्वतःला अद्यापि सापडलेले नसल्यामुळे, या प्रकरणात माझी साक्ष तटस्थ मानण्यास हरकत नसावी.

या वर्गातले जे गृहस्थ मी जवळून पाहिले ते काउंटीच्या मालमत्ता-कर खात्यात उभे आयुष्य काढून निवृत्त झालेले होते. अंगाने सडपातळ, आवाज मृदू, आणि नॉर्वेहून आलेल्या पूर्वजांकडून वारशाने मिळालेला संयम असा, की संतापाच्या परमावधीलाही ‘हे थोडेसे निराळेच झाले म्हणायचे’ याहून तीव्र उद्गार त्यांच्या मुखातून निघत नसे. इतर मालक गाडी बिघडली की ‘बेल्ट गेला’ म्हणतात आणि पाना शोधू लागतात. हे महाशय मात्र ‘निर्मात्याच्या पुस्तिकेनुसार देखभाल झालेली असताना व सर्वसाधारण खाजगी वापर चालू असताना बेल्टाने आपले कार्य थांबविले’ असे वाक्य आधी मनाशी जुळवीत, कारण तोंडातून गेलेला कोणता शब्द उद्या आपल्याच विरुद्ध पुराव्यात दाखल होईल याचा नेम नाही, अशी त्यांची पक्की खातरजमा झालेली होती. बर्फात गुडघाभर रुतून उभे असतानाही ते क्रियापद निवडून वापरीत.

२०२३ सालच्या नोव्हेंबरात त्यांनी नवी गाडी घेतली. (कोणत्या कंपनीची, ते सांगण्याचे प्रयोजन नाही, कंपन्या थोड्या आहेत आणि त्यांच्या हमीपत्रांची भाषा एकमेकींच्या सख्ख्या बहिणी शोभाव्यात अशी आहे.) हल्ली अशी गाडी पंधरा-वीस हजार डॉलरांना पडते, आणि इतकी रक्कम मोजणारा मनुष्य साधारणतः किल्ली हातात पडताच दाराकडे धावतो. आमचे गृहस्थ काउंटरपाशीच चष्मा पुसून हमीपत्र वाचावयास बसले, आणि त्यांच्यामागे हेल्मेट, हातमोजे व ऑइलचे डबे घेऊन खोळंबलेल्या मंडळींकडे त्यांनी एकदाही मान वळवून पाहिले नाही. त्या पत्राच्या शिरोभागीच ‘मर्यादित’ हे विशेषण ठळक अक्षरांत होते. ते तिथे का असते हेही त्यांस ठाऊक होते. १९७५ साली सेनेटर मॅग्नुसन आणि प्रतिनिधिगृहाचे सदस्य मॉस या दोघांच्या नावाने जो संघीय कायदा झाला, त्याने असा दंडक घातला, की दहा डॉलरांहून अधिक किमतीच्या गृहोपयोगी वस्तूस लेखी हमी द्यावयाची, तर ती ‘पूर्ण’ आहे की ‘मर्यादित’ याचा स्पष्ट खुलासा वरतीच करावा. पूर्ण हमी देणाऱ्यावर इतकी बंधने आहेत, आणि दुरुस्ती साधली नाही तर वस्तू बदलून देण्याचा अथवा पैसे परत करण्याचा प्रसंग त्याच्यावर असा ओढवतो, की मोठ्या यंत्रांचे कारखानदार त्या वाटेला सहसा जात नाहीत. ते प्रामाणिकपणे ‘मर्यादित’ असे लिहितात आणि मग मर्यादा कोणत्या ते पुढल्या पानांवर सावकाश सांगतात.

त्या मर्यादांचे वाचन हा त्यांच्या दृष्टीने आस्वादाचा विषय होता. बेल्ट झिजतो, म्हणून बेल्ट वगळलेला; स्कींच्या तळाशी असलेल्या कार्बाइडच्या पट्ट्या झिजण्यासाठीच जन्माला आलेल्या, म्हणून त्या वगळलेल्या; ज्यांच्यावरून अखंड रबरी ट्रॅक घसरत फिरतो त्या प्लास्टिकच्या स्लायडर पट्ट्या, स्पार्कप्लग, फिल्टर, ब्रेकचे पॅड, सारे वगळलेले; शर्यत लावली तर हमी नाही, फेरफार केला तर नाही, देखभालीत कुचराई झाली तर नाही; गाडी वाटेत बंद पडल्यास ती ओढून आणण्याचा खर्च नाही, आणि ती दुकानात पडून राहिल्यामुळे वाया गेलेल्या हिवाळ्याची भरपाई तर मुळीच नाही. एक साधा बेल्ट शंभरापासून दोनशे डॉलरांपर्यंत, नवा ट्रॅक हजाराच्या आसपास, आणि दुकानातल्या कारागिराची मजुरी ताशी शंभर डॉलरांच्या वर, हे दर त्यांना तोंडपाठ होते. जे झिजते ते हमीत नाही आणि जे हमीत आहे ते बहुधा झिजत नाही, ही व्यवस्था कोणा कुशल कारकुनाच्या लेखणीतून उतरली असली पाहिजे असे ते कौतुकाने म्हणत. एका जुन्या सरकारी नोकराने दुसऱ्या अज्ञात कारकुनाला दिलेली ती दाद होती.

खरा पेच मुदतीचा होता. हमी बारा महिन्यांची. मिनेसोटात बर्फगाड्यांचे बावीस हजार मैलांहून अधिक मार्ग आहेत, बहुतेक स्थानिक क्लबांतल्या स्वयंसेवकांनी राखलेले. पण ते कायद्याने खुले असतात १ डिसेंबर ते १ एप्रिल. म्हणजे बारांपैकी आठ महिने हमी गराजमध्ये ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या यंत्राचे रक्षण करते, आणि त्या काळात त्या यंत्राला भय असते ते केवळ जुन्या पेट्रोलचे आणि एअरबॉक्समध्ये संसार थाटणाऱ्या उंदरांचे. उंदराने केलेले नुकसान अर्थातच वगळलेले. त्यावर त्यांनी कंपनीकडे लेखी विचारणा केली होती, की उंदराचे कृत्य हे दैवी आपत्तीत मोडते की मालकाच्या हलगर्जीपणात, याचा निर्वाळा मिळावा. निर्वाळा आला नाही. पोच मात्र आली, आणि ती त्यांनी दप्तरात लावून ठेवली.

आणि २०२३-२४ चा हिवाळा असा उजाडला, की या राज्यात हवामानाच्या नोंदी सुरू झाल्यापासून इतका उबदार हिवाळा कोणी पाहिलेला नव्हता. डिसेंबर पुरेशा बर्फाविना गेला, जानेवारीही तसाच गेला, क्लबांनी मार्ग उघडलेच नाहीत, आणि नवी कोरी गाडी ट्रेलरवर बसून खिडकीबाहेरच्या पिवळ्या गवताकडे पाहत राहिली. त्यांची सौभाग्यवती एकदा मला म्हणाली, ‘अहो, रोज सकाळी कॉफी झाली की हे बाहेर जाऊन हमीचे किती दिवस उरले ते कॅलेंडरावर खोडतात.’ फेब्रुवारीत एके दिवशी कसेबसे पाऊल बुडेल इतके बर्फ पडले आणि गृहस्थ तळ्यावर गेले.

येथे यंत्रशास्त्राचा थोडा आधार घेणे प्राप्त आहे. या गाडीच्या इंजिनातले पाणी थंड होते ते ट्रॅकवरच्या पत्र्याच्या बोगद्यात बसवलेल्या नळ्यांमधून, आणि त्या नळ्यांना थंडावा मिळतो ट्रॅकने फिरता फिरता उडवलेल्या बर्फाने. स्लायडरनाही गारवा आणि घसरण त्याच बर्फाची. बर्फ नसले की बर्फगाडी तापते. पडलेले बर्फ वाऱ्याने उडून उघड्या पडलेल्या, काचेसारख्या गोठलेल्या तळ्यावर ट्रॅकला उडवायला काहीच मिळेना. तापमानाचा दिवा पेटला तेव्हा किनारा अर्धा मैल होता, आणि विस्तारलेला पिस्टन सिलिंडरच्या भिंतीला घासून जागच्या जागी आवळला गेला. याला तिकडे आणि आपल्या गराजांतही ‘सीझ होणे’ म्हणतात. डीलरने अंदाज काढला अडीच हजार डॉलरांचा, आणि कंपनीला छायाचित्रे, गाडीच्या संगणकातली नोंद व आपला शेरा पाठवला. काही आठवड्यांनी उत्तर आले: बर्फ अपुरे असलेल्या पृष्ठभागावर वाहन चालवल्यामुळे झालेली हानी हमीच्या कक्षेत येत नाही, सबब दावा नामंजूर.

त्या दिवशी मी त्यांना इतके प्रसन्न पाहिले, की क्षणभर मला वाटले पैसे मंजूर झाले. आमच्याकडे देशावर बांधाच्या वीतभर जमिनीसाठी पिढ्यान्‌पिढ्या कोर्टाची पायरी झिजवणारे जे लोक असतात, ज्यांना त्या वीतभरात काय पिकते याची आठवणही उरलेली नसते, त्यांच्या चेहऱ्यावरचे तेज मला तिथे, अटलांटिकच्या पलीकडे, एका लूथरपंथी गृहस्थाच्या मुखावर दिसले. आता दप्तर सुरू झाले. आवक डावीकडे, जावक उजवीकडे, प्रत्येक टिपणाला क्रमांक. डीलरच्या काउंटरवरचा तरुण मोठा सोशिक होता. हमीच्या कामाला किती तास धरायचे ते कंपनीच ठरवून देते आणि कागद रंगवण्यात गेलेल्या वेळाचे त्याला कोणी काही देत नाही, हे ठाऊक असूनही तो प्रत्येक वेळी ‘सर, मी वर कळवतो’ म्हणे. बिचाऱ्याची स्थिती दोन दरबारांमध्ये सापडलेल्या वकिलासारखी होती आणि दोन्हीकडून त्याला खलिते तेवढे मिळत.

त्यांच्या कैफियती वाचनीय असत. पहिल्या पत्रात युक्तिवाद असा, की हमीची मुदत महिन्यांनी मोजावी असे कराराचे बाह्य रूप असले, तरी बर्फगाडीच्या बाबतीत ती हिमवृष्टीच्या दिवसांनी मोजणे न्याय्य होय, आणि या हिशेबाने प्रस्तुत गाडीची हमी अद्याप नीटशी सुरूही झालेली नाही. दुसऱ्यात इतिहास होता. क्यूबेक प्रांतातल्या व्हॅलकोर गावी १९३४ च्या हिवाळ्यात रस्ते बर्फाने बंद असल्यामुळे ज्याचा लहान मुलगा इस्पितळापर्यंत पोहोचू शकला नाही, त्या जोझेफ-आर्मां बोंबार्दिए याने पुढे बर्फावर चालणाऱ्या वाहनाच्या ट्रॅकचे पेटंट मिळवले, आणि १९५९ साली स्की-डू नावाची बर्फगाडी बाजारात आणली. इकडे मिनेसोटातच रोझो गावी हेटीन बंधू आणि त्यांचा भागीदार डेव्हिड जॉन्सन यांच्या कारखान्यातली पहिली गाडी गावच्या लाकूड-वखारवाल्याने ४६५ डॉलरांना घेतली. आणि १९६० साली एडगर हेटीन याने तसल्या गाड्यांवरून अलास्कात सुमारे १२०० मैलांचा प्रवास करून दाखवला. ‘सबब,’ असे आमचे गृहस्थ लिहितात, ‘ज्या वाहनाने साठ वर्षांपूर्वी अलास्का ओलांडली, त्याने माझ्या घरासमोरचे तळे ओलांडावे ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.’ ही विचारसरणी कायद्यात बसत नाही हे मलाही दिसत होते. तथापि गद्य निर्दोष होते.

तळ्याच्या पलीकडे एक वयोवृद्ध शेतकरी राहतो. त्याची गाडी सत्तरीच्या दशकातली, शंभराहून अधिक कारखाने ही वाहने बनवीत होते त्या सुगीच्या काळातली, आणि तिचा कारखाना केव्हाचा नामशेष झालेला. दाद मागायला कोणी शिल्लकच नसल्यामुळे तो जाकिटाच्या खिशात प्लग, तार आणि पक्कड बाळगतो व गाडी बंद पडली की शिवी हासडून ती सुरू करतो. फेब्रुवारीत त्यानेच आमच्या गृहस्थांना दोरीने ओढून किनाऱ्याला आणले होते. ‘हेड काढू, पिस्टन बदलू, दोन रविवारांचे काम,’ असे तो म्हणाला, तेव्हा त्यांनी त्याचे आभार मानून ठाम नकार दिला. कारण अनधिकृत हाताने बोल्ट सैल केला तर पुराव्याला बाध येतो. शेतकरी बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिला. मग त्याने दोरी गुंडाळली.

उन्हाळा गेला. नोव्हेंबरात हमीची मुदत संपली, आणि डिसेंबरात कंपनीचे पत्र आले. त्यात मजकूर असा, की मूळ निर्णय योग्यच होता व आहे, तथापि ग्राहकाविषयीच्या सद्भावनेपोटी, कोणतेही दायित्व मान्य न करता, कंपनी सुटे भाग व मजुरीचा खर्च स्वतः सोसण्यास तयार आहे.

सौभाग्यवतींनी केक केला. गृहस्थ मात्र दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा पत्र मेजावर होते आणि त्यावर पेन्सिलीने ‘सद्भावना’ या शब्दाखाली दोन रेघा. ‘मी हक्क मागितला होता,’ ते म्हणाले, ‘यांनी मला भीक पाठवली. मान्य केली तर त्यांचेच म्हणणे खरे ठरते. नाकारली तर पिस्टन मला विकत घ्यावा लागतो. हे थोडेसे निराळेच झाले म्हणायचे.’ मी सुचवले की पिस्टन घ्यावा आणि सोबत निषेधाचे पत्र जोडावे. ही तडजोड त्यांना पसंत पडली. निषेधाचे पत्र पाच पानी झाले आणि गाडी दुरुस्त होऊन आली.

त्यानंतर खरे बर्फ पडले. तळ्यावर रात्रभर इंजिनांचा आवाज होता, पलीकडचा शेतकरी तीनदा हात हलवून गेला, आणि आमचे गृहस्थ दुरुस्तीचे बिल वाचीत घरात बसले होते. कारण बिलाच्या पाठीमागे बारीक टाइपात एक कलम होते, की बदलून दिलेल्या भागास मूळ हमीची उर्वरित मुदत लागू राहील. मूळ हमी नोव्हेंबरात संपली. पिस्टन बसला डिसेंबरात. म्हणजे या नव्या पिस्टनची हमी, तो इंजिनात जाण्यापूर्वीच तीन आठवडे, संपुष्टात आलेली होती. त्यांनी चष्मा पुसला, नवा फोल्डर घेतला, त्यावर स्वच्छ अक्षरात ‘क्रमांक दोन’ असे लिहिले, आणि मला विचारले, ‘अस्तित्वात येण्यापूर्वीच मुदत संपलेल्या हमीला तुमच्याकडच्या कायद्यात काय म्हणतात हो?’