चिखलाला घाबरणारा ट्रक

तामिया या जपानी कंपनीचा १९८७चा ‘क्लॉड बस्टर’ म्हणजे दोन मोटरींचा, चारही चाकं वळवणारा, रिमोटवरचा राक्षस. जन्म चिखलासाठी. हौशी मंडळी त्याचा मूळ स्क्रू शोधत रात्री जागवतात, उडालेला क्रोम पुन्हा चढवतात आणि चिखल लागू नये म्हणून त्याला काचेच्या कपाटात बसवतात!

ही मंडळी आषाढात कर्नाटकातल्या जोयड्याला आणावीत. इथे खऱ्या ट्रकची डागडुजी तार, सुतळी आणि ड्रायव्हरच्या शिव्यांवर भागते. तिला छंद म्हणायची कुणाची छाती नाही.

इथलं सुपा धरणही १९८७ साली पुरं झालं. त्यात बुडालेल्या सुपा गावाचे सुटे भाग मात्र कुठेच मिळत नाहीत. तिथल्या तालुक्याच्या कचेऱ्या तेवढ्या जोयड्यात शाबूत पोचल्या, मूळ वेगासकट.